हाक आणि ओ

अमृतचा उसाशी दावा होता. शेतकऱ्याच्या पोराचा दावा भावकीशी असतो, बांधाशी असतो, फार तर रानडुकरांशी असतो. पण उभ्या उसाशी, तोही आपल्याच बापाच्या, तोही जोमात आलेल्या, असा दावा कळसाडी गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

कारण साधं होतं. अमृतच्या बापाचं, भाईदास पाटलाचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं, आणि मोबाइलचा टॉवर शहाद्याच्या रस्त्याला. घर आणि टॉवर यांच्या मधोमध पाटलांचा ऊस. उन्हाळ्यात ऊस तुटून गेला की ओट्यावरून टॉवर बोटाएवढा दिसायचा आणि अमृतच्या फोनमध्ये खेळाच्या कोपऱ्यातला आकडा हिरवा व्हायचा. पावसाळाभर ऊस वाढायचा, आकडा पिवळा पडायचा. दिवाळीनंतर ऊस घराच्या वर जायचा आणि आकडा जो लाल व्हायचा तो तोडणी येईपर्यंत लालच. उसाचं ओलं पान पाण्यासारखी रेंजही पितं, असं अमृतचं ठाम मत होतं, आणि ते फारसं खोटं नव्हतं. गावात तारेचं इंटरनेट आलं होतं, पण एका मळ्यातल्या घरासाठी खांब कोण रोवणार?

त्या लाल आकड्याचं नाव पिंग. पोरगा दिवसभर पिंग पिंग करतो म्हणून भाईदासनं एकदा विचारलंच, हे असतं तरी काय. अमृतनं बापाला बापाच्या भाषेत समजावलं. तुम्ही बांधावरून हाक मारता, मोटारीपाशी उभा गडी ओ देतो. हाक निघाल्यापासून ओ येईपर्यंत जो वेळ जातो, तो पिंग. आमची हाक मुंबईच्या सर्व्हरला जाते, तिथून ओ येते. ओ उशिरा आली की खेळात समोरचा माणूस जिथे दिसतो तिथे नसतो. तो केव्हाच पुढे गेलेला असतो, आपल्याला त्याची जुनी जागा दिसत असते. आपण जुन्या जागेवर गोळ्या घालतो आणि तो नव्या जागेवरून आपल्याला आडवं करतो.

भाईदासनं सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जठे दिसस तठे तो नही, हाई तुले माहीत शे. मंग तठेच मारस कसाले?"

अमृत हसला. बापाला काय कळतंय, असं त्याला वाटलं. पण प्रश्न बरोबर होता. समोर दिसतं त्यावर माणूस बंदूक रोखतोच. डोळ्यांवर विश्वास ठेवू नको म्हटलं तर ठेवायचा कशावर?

अमृत चांगला खेळायचा, हे मात्र खरं. बी.एस्सी. झाला होता, नोकरी नव्हती, शेतात मन नव्हतं आणि लग्नाचं कोणी विचारत नव्हतं. या सगळ्यात त्याला येत होती अशी ही एकच गोष्ट. चौघांची टीम होती. टीमचा म्होरक्या अरिहंत, शहाद्याच्या सुमेरमल शेठजींचा नातू. त्यांचं कापडाचं दुकान, वर घर, घरात तारेचं इंटरनेट, त्यामुळे अरिहंतचं पिंग बारमाही हिरवं. खेळाची समज अरिहंतकडे, नेम अमृतकडे. दुरून एका गोळीत माणूस पाडावा तर अमृतनं, हे बाकी तिघेही मान्य करायचे. उन्हाळ्यात करायचे. हिवाळा आला की तेच तिघे हेडफोनमधून त्याला शिव्या द्यायचे.

अरिहंतकडे जाऊन खेळावं, तर तेही करून झालं होतं. एकदा दुकानाच्या माळ्यावर दोघे बसले. अरिहंतची आजी उमरावबाई जिना चढून आली, पोरांच्या तोंडची मारामारीची भाषा तिनं ऐकली आणि फोनातली का होईना, जीवहत्या या घरात नको म्हणून अमृतला ताटभर खायला घालून प्रेमानं वाटेला लावलं. अरिहंत स्वतः दार लावून, कुजबुजत खेळायचा. दोघांचा आवाज त्या घरात मावण्यासारखा नव्हता.

आणि यंदा गोष्ट गमतीची राहिली नव्हती. पुण्याची एक कंपनी खेळाडूंची टीम बांधत होती. निवड झाली तर पुण्याला राहायला जागा, महिन्याला पगार. रविवारी चाचणीचा सामना होता. ज्यानं त्यानं आपापल्या घरून, बंद खोलीत बसून खेळायचं. एका फोनवर खेळ आणि दुसऱ्या फोनचा कॅमेरा हातांवर रोखलेला, म्हणजे लबाडी नको. आणि पिंग हिरवं हवं. लाल असेल त्याला सामन्यात घेणारच नव्हते. अरिहंतनं सरळ सांगून टाकलं होतं की शनिवारपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर नंदुरबारचा एक जण तयार आहे. तो अमृतएवढा चांगला नव्हता. पण त्याच्या घरासमोर ऊस नव्हता.

अमृतनं बापापुढे तोंड उघडून पाहिलं. टॉवरकडचा तुकडा तरी आधी तोडता येईल का? भाईदासला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुन्हा गेमसाठे कारखाना टोळी धाडी का?" म्हणाला. कारखान्याची तोडणी लागवडीच्या तारखेनं चालते, पाटलांचा नंबर लागायला अजून वेळ होता. हसणाऱ्या बापाशी भांडता येत नाही, हे त्या घरातलं जुनं दुखणं.

आता बेबीबाईबद्दल सांगायला हवं.

बेबीबाई आणि तिचा नवरा आमशा, सातपुड्यातले भिल्ल. कैक वर्षांपूर्वी कामाला खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला झोपडी बांधून राहिले. आमशा ट्रॅक्टरवर हमाली करायचा. बेबीबाई रोज दुपारी पाटलांच्या उसात शिरायची आणि सरीतलं गवत कापायची. त्याचा एक रिवाज होता. पहिला भारा घरच्या म्हशींचा, तो गोठ्यात आणून टाकायचा. दुसरा भारा तिचा, तिच्या शेळ्यांसाठी. तिला मजुरी अशी नव्हती, तो दुसरा भारा हीच मजुरी. पाटलांच्या घरात पहिला भारा सगळ्यांना ठाऊक होता, कारण तो गोठ्यात दिसायचा. दुसऱ्याकडे कोणाचं लक्ष नसे. घरचा भारा पडला की बेबीबाई गेली, असंच सगळे धरून चालत.

अमृतला मात्र दुसरा भारा चांगला माहीत होता. कॉलेजात असताना तो मोटारसायकलवर तिचा भारा रस्त्यापर्यंत सोडायचा. त्यानंच तिच्या साध्या फोनमध्ये आपला नंबर एकच्या बटणावर बसवून दिला होता. भारा बांधून झाला की बेबीबाई मिस्ड कॉल द्यायची, अमृत बांधावर गाडी घेऊन यायचा. तिला मूलबाळ नव्हतं. ती त्याला अमृतभाऊ म्हणायची आणि बोरांच्या दिवसांत पदराच्या गाठीत बोरं आणायची, निम्मी किडकी.

तो नंबर अमृतचा जुना. फोनमध्ये दोन सिम होती. नव्यावर इंटरनेट, जुन्यावर बेबीबाईसारखे जुने लोक आणि बँकेची कामं. खेळताना जुन्या सिमवर कोणाचा फोन आला की खेळ जागच्या जागी गोठायचा आणि तेवढ्यात अमृत मरायचा. म्हणून खेळायला बसताना तो जुनं सिम बंद करून टाकायचा. संध्याकाळी चालू केलं की कंपनीचा मेसेज यायचा, तुमचा फोन बंद असताना या नंबरवरून कॉल आला होता. नंबर बेबीबाईचा. दुसऱ्या दिवशी तो तिला म्हणायचा, बेबीबाई, गेम चालू होता. ती मान हलवायची आणि भारा डोक्यावर घेऊन चालू लागायची. गेम म्हणजे काहीतरी नोकरीसारखं महत्त्वाचं असणार, अशी तिची समजूत होती.

त्या गुरुवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. भाईदास शहाद्याला गेला होता, आई धनुबाई गावात बाळंतिणीला बघायला. अमृत सरावाला बसला आणि सगळा वेळ मरत राहिला. एकदा तर त्यानं समोरच्याला अगदी निवांत टिपलं, गोळी लागलेली डोळ्यांनी पाहिली, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर तोच आडवा पडलेला. गोळी ज्याला लागली तो तिथे नव्हताच. बाकीचे दोघे हसले. अरिहंत हसला नाही. तो थकल्या आवाजात म्हणाला की नंदुरबारवाल्याला आज निरोप देतो. अमृतनं फोन गादीवर फेकला.

तो घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर चढला. चहूकडे ऊस, त्याची तुरे फुटलेली टोकं, आणि त्यांच्यावर टॉवरचं जेमतेम नखभर टोक. पलीकडच्या शिवारात मात्र एक काळा चौकोन होता. मागच्या आठवड्यात तिथला ऊस पेटला होता, तारांची ठिणगी पडून, असं म्हणतात. दर थोडा कापला गेला, पण कारखान्याची टोळी दुसऱ्याच दिवशी येऊन ऊस घेऊन गेली होती. जळका ऊस थांबवता येत नाही, वाळतो. म्हणून त्याला नंबर लागत नाही. हे अमृतला लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी ते त्याला नव्यानं माहीत झालं.

पाटलांच्या उसावरूनही विजेच्या तारा गेल्या होत्या. टॉवरच्याच बाजूनं.

माणूस वाईट काम करायच्या आधी स्वतःची नीट समजूत घालून घेतो. अमृतनंही तसंच केलं. नुकसान ते किती, पाच-दहा टक्के दर जाईल. पुण्याचा पगार सुरू झाला की आपण भरून देऊ. फक्त पाला जळतो, ऊस उभा राहतो. कोणाचं काही जात नाही.

त्यानं नीट पाहूनही घेतलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. गोठ्यात गवताचा भारा पडलेला दिसला. रस्त्याकडे नजर टाकली तर उसातून सरळ गेलेल्या बांधावरून बेबीबाई जाताना दिसली, पिवळं लुगडं, डोक्यावर भारा नाही, हातात शेळीचं दावं. म्हणजे आज ती लवकर निघाली. उसात कोणी नाही. तो खाली उतरला, स्वयंपाकघरातून काडेपेटी घेतली, घराला वळसा घालून टॉवरकडच्या बांधाशी गेला. एक हाक मारून पाहावी असं त्याच्या मनात आलं. पण हाक शेजारच्या केळीत काम करणाऱ्या गड्यांनी ऐकली असती, आणि मग आग लागली तेव्हा अमृत तिथे होता हे त्यांना माहीत झालं असतं. त्यानं हाक मारली नाही.

वाळलेल्या पाचटाला काडी लागायचा अवकाश.

आग अशी धावेल हे त्याला माहीत नव्हतं. वारा नव्हता, पण आगीनं आपला वारा आपणच तयार केला. उसाची कांडी लग्नातल्या फटाक्यांसारखी फुटू लागली. अमृत पळत घरापाशी आला, तिथून केळीकडे, आणि मग ओरडू लागला. गडी धावले, गावातून लोक आले, कोणी मोटार चालू केली, कोणी घराकडच्या चार ओळी कोयत्यानं तोडून आग अडवली. त्या आवाजात कोणाची हाक कोणाला ऐकू येत नव्हती. घर वाचलं. भाईदास परतला तोवर ऊस काळा होऊन उभा होता आणि सगळे घाम पुसत तारांकडे बघत वीजवाल्यांना शिव्या घालत होते.

दिवस मावळायच्या सुमाराला आमशा शेळी घेऊन आला.

शेळी रस्त्याच्या बाभळीला बांधलेली होती आणि केव्हाची ओरडत होती. बेबीबाई घरी आली नव्हती. आमशानं ओट्यापाशी उभं राहून फक्त विचारलं, ती इकडे आहे का. सगळ्यांनी एकदमच उसाकडे पाहिलं. अमृतला त्या क्षणी सगळं कळलं. शेळीला सावलीत बांधायला ती रस्त्याला गेली होती आणि पलीकडच्या बाजूनं पुन्हा उसात शिरली होती, कापून ठेवलेला आपला भारा बांधायला. त्यानं पाहिलं ते खरं होतं. फक्त ते जुनं होतं.

ती घराकडच्या बांधापासून थोडी आत सापडली. रस्त्याकडे नाही, घराकडे धावली होती.

पुढचे दोन दिवस पोलीस आले, तलाठी आला. भाईदासनं तारा दाखवल्या, गावानं माना डोलावल्या, तेच कागदावर चढलं. आपण खोटं बोलतोय हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. सगळे आमशाला एकच सांगत होते, धूर नाकातोंडात गेला की माणूस जागीच बेशुद्ध पडतं, तिला काही कळलंसुद्धा नसेल. सरकारी दवाखान्यातल्या कोणीतरीही तसंच म्हटलं. आमशा ते प्रत्येकाकडून नव्यानं ऐकून घ्यायचा. अमृतही ऐकायचा. त्या वाक्यावरच तो उभा होता म्हणा ना.

धनुबाईनं काडेपेटी शोधली. ती चुलीशेजारच्या कोनाड्यात नव्हती. तिनं कोणाला विचारलं नाही. अमृतचा गुरुवारचा शर्ट तिनं स्वतः धुतला, बाहीला चिकटलेले करपलेले केस चिमटीनं काढले आणि त्याच्या ताटात रोजच्यासारखी भाकरी वाढली. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत त्याला झाली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्या घरात न जळलेल्या दोघांना कळलं होतं आणि दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते.

शनिवारी टोळी आली आणि ऊस तुटून गेला. काळवंडलेल्या मोळ्या ट्रॉल्यांत भरून कारखान्याला रवाना झाल्या. संध्याकाळी अमृत ओट्यावर आला तर समोर उघडं रान, आणि त्याच्या टोकाला टॉवर. बोटाएवढा.

त्यानं अरिहंतला कळवलं, नंदुरबारवाल्याला नको सांग, आणि रविवारी तो सामना खेळला. तो खेळायला बसला कसा, असं कोणीही विचारील. त्यानं स्वतःलाही विचारलं होतं. न खेळलो तर बेबीबाई फुकटच मेली, असं एक उत्तर त्याच्या मनात तयार झालं होतं. ते उत्तर किती नीच आहे हेही त्याला कळत होतं, आणि तरी तो बसला, कारण हात बसले. खोलीचं दार लावलं, दुसऱ्या फोनचा कॅमेरा हातांवर लावला, जुनं सिम बंदच होतं. कोपऱ्यातला आकडा हिरवा होता. इतका हिरवा की उन्हाळ्यातही कधी पाहिला नव्हता. हाक मारावी आणि तोंडातून निघायच्या आत ओ यावी, असा.

आणि माणसं जिथे दिसत होती तिथेच होती. अमृतनं एकेकाला टिपलं. गोळी आणि मरण यांच्यात जराही फट नव्हती. हेडफोनमध्ये अरिहंत आपल्या आजीला विसरून मोठ्यानं ओरडत होता. सामना संपला तेव्हा अमृतचे हात कोरडे होते. थोड्याच वेळात पुण्याहून निरोप आला, चौघेही घेतले.

अरिहंतनं लिंक पाठवली, आजच नाव भर म्हणून. नाव, जन्मतारीख, आधार. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार होता. तो नंबर जुना. अमृतनं जुनं सिम चालू केलं. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

बाहेर ओट्यावर बोलणं चाललं होतं. भाईदासनं आमशाला बोलावून घेतलं होतं. आता तू आमच्याकडेच राहा, गोठ्यामागची खोली घे, असं काहीतरी तो सांगत होता. भाईदास वाईट माणूस नव्हता.

फोन थरथरला. पुन्हा थरथरला. ओटीपी आधी आलाच नाही. आधी आला कंपनीचा मेसेज. तुमचा फोन बंद असताना या नंबरवरून कॉल आला होता. खाली आणखी एक. खाली आणखी. नंबर एकच, नावासकट, त्यानंच कधीतरी गमतीनं भरलेलं: बेबीबाई गवत.

पहिला कॉल काडी लावायच्या थोडा आधीचा होता. नेहमीचाच, भारा बांधून झाला, गाडी आण. तो वाजला असता तर अमृत काडेपेटी घेऊन बांधापर्यंत गेलाच नसता.

बाकीचे नंतरचे. लागोपाठ नव्हते, मधे मधे अंतर होतं. म्हणजे ती पळत होती, थांबत होती, एकचं बटण दाबत होती आणि पुन्हा पळत होती. ज्या बाजूला फोनवाला राहतो त्या बाजूला. शेवटचा कॉल कितीतरी उशिराचा होता. धुरानं ती जागीच पडली नव्हती. तिला सगळं कळलं होतं. एवढा वेळ कळत होतं.

अमृत खाली बसला. कोणीतरी कण्हतंय असं त्याला वाटलं; तो आवाज आपलाच, हे जरा वेळानं समजलं. फोन पुन्हा थरथरला. आता ओटीपी आला होता. सहा आकडे, थोड्या वेळापुरते.

तो उठून दार उघडून बाहेर आला. आमशा ओट्याखाली उकिडवा बसला होता, हातात चहाचा कप तसाच. धनुबाई दाराशी उभी. अमृतला पाहून आमशानं मान वर केली. घरातला हा शिकलेला माणूस, याला जास्त माहीत असणार, अशा नजरेनं त्यानं विचारलं, "अमृतभाऊ, तिले काही समजनं नही व्हई ना?"

"नही रे," भाईदासच म्हणाला, "धूर नाकमा गया की..."

"समजनं व्हतं," अमृत म्हणाला. "तिनी माले फोन लाया. घडी घडी लाया. मन्हा फोन बंद व्हता."

भाईदास हलक्या आवाजात म्हणाला, आत जा. धनुबाईनं पदर तोंडाशी नेला. तिनं त्याला थांबवलं नाही आणि पुढेही ढकललं नाही.

"आन ती आग मी लाई व्हती," अमृत म्हणाला.

आमशाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो तसाच वर बघत होता, मघाच्याच प्रश्नाच्या नजरेनं. अमृतला ते चांगलं ओळखीचं होतं. शब्द इथून निघाला होता, तिथे अजून पोहोचला नव्हता. समोर दिसत होता तो दोन वाक्यांपूर्वीचा आमशा.

मधे आता ऊस नव्हता, काहीच नव्हतं. दूर टॉवर उन्हात उभा होता. अमृतच्या हातातला फोन एकदा चमकला आणि विझला, ओटीपीची वेळ संपली होती. आमशानं कप सावकाश जमिनीवर टेकवला. अमृत ओट्याच्या पायरीवर उभा राहून ओ येण्याची वाट पाहत होता.